काळी चार, कॅपो आणि कॉर्ड

घरात पेटी असेल तर ती काढा. नसेल तर मोबाइलवरचं पेटीचं एखादं अ‍ॅपही चालेल. सफेद एकला, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडच्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. जो भरीव, मोकळा आवाज आला त्याला गिटारवाले सी मेजर म्हणतात. आता बाकी दोन बोटं जागची न हलवता फक्त ग कोमल करा. आवाजाचा चेहराच उतरला ना? हा सी मायनर. एकाच वेळी वाजणारे तीन सूर म्हणजे कॉर्ड. मधला गांधार शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. हौशी माणसाला लागणारी निम्मी थिअरी इथेच संपली.

असं असताना गिटार शिकवताना सुरुवात होते ती चित्रांपासून. सहा उभ्या रेघा, काही आडव्या, त्यांवर टिंबं, आणि खाली ‘हा जी, हा डी, हा ई मायनर, पाठ करा’. पाठांतरावर दोन-तीन गाणी निघतातही. पण चौथं गाणं दुसऱ्या पट्टीत, म्हणजे वेगळा सा धरून, आलं की हात थांबतो, कारण कोणतं टिंब कोणता सूर आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. पुण्यात तर हे जास्तच अजब वाटतं. इथे घरटी एखादं माणूस लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलेलं असतं. सरगम कानात असते, केरवा-दादरा मांडीवर वाजवता येतो, आणि तरी गिटार हातात घेतली की सगळं शून्यापासून. ते शून्यापासून करायची गरज नाही.

गिटारच्या सहा तारा पेटीच्या भाषेत मांडून बघू. सगळ्यात जाड, म्हणजे सहावी तार सफेद तीन. मग क्रमाने सफेद सहा, सफेद दोन, सफेद पाच, सफेद सात, आणि सगळ्यात बारीक पहिली तार पुन्हा सफेद तीन, पण दोन सप्तकं वर. गिटारवाल्यांची नावं अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई. प्रत्येक तारेला सा मानलं तर पुढची तार तिचा शुद्ध मध्यम लागते. अपवाद एकच: तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना मध्यमाऐवजी शुद्ध गांधार. ही विषम जोडी मुद्दाम ठेवलेली आहे. सगळीकडे मध्यमच ठेवला असता तर साधे कॉर्ड धरायला बोटं इतकी फाकावी लागली असती की हौशी माणसाने वाद्य खाली ठेवलं असतं.

दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. एक फ्रेट पुढे गेलं की अर्धा सूर चढतो. बारा फ्रेट म्हणजे एक सप्तक, आणि बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर येतो. तार साधारण ६५ सेंटिमीटर असेल तर पहिल्या फ्रेटची जागा ३६ मिलिमीटरच्या आसपास आणि बाराव्याची जेमतेम १९. सुरुवातीच्या फ्रेटवर बोटं ताणली का जातात, ते यावरून कळेल.

आता नेहमीचा सी कॉर्ड जवळून पाहू. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. तिसरी आणि पहिली तार मोकळी. पाचव्या तारेपासून खाली एकेक तार छेडा आणि सूर म्हणा: सा, ग, प, सा, ग. संपला कॉर्ड. सहावी तार वाजवू नका असं प्रत्येक चित्रात लिहिलेलं असतं. तिचा सूर खालच्या सप्तकातला ग आहे. तो चुकीचा नाही, पण तळाशी सा ऐकू येण्याऐवजी ग ऐकू येतो आणि कॉर्ड गढूळ वाटतो.

आता याच जागेवरून फक्त अनामिका उचला आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा. ए मायनर तयार. एकच बोट हललं, कारण ए मायनरचे सूर आहेत ध, सा, ग. सा आणि ग दोन्ही कॉर्डमध्ये आहेत, प गेला आणि ध आला. कॉर्ड बदलताना हात उचलून नव्याने सगळी बोटं ठेवणारे पुष्कळ दिसतात. त्यांना वेगाचा सराव सांगितला जातो. खरं तर त्यांना कोणता सूर टिकतोय एवढंच कळलं तरी हात निम्मा शांत होतो. ए मायनरवरून ई मेजरला जाताना तर बोटांचा आकारही बदलत नाही, तिन्ही बोटं एकेक तार वर, जाड तारेकडे सरकतात.

मग गाण्याला किती कॉर्ड लागतात? शुद्ध सुरांचं, म्हणजे बिलावल थाटाच्या वळणाचं साधं गाणं घ्या. सावरचा कॉर्ड सा-ग-प. मध्यमावरचा म-ध-सा. पंचमावरचा प-नी-रे. या तिघांत मिळून सातही शुद्ध सूर येतात. म्हणून ‘तीन कॉर्डमध्ये गाणं बसतं’ हे म्हणणं खरं ठरतं: तुम्ही कोणताही सूर गा, तिघांपैकी निदान एकात तो असतोच. हे तिन्ही मेजर. रे, ग आणि ध वरचे कॉर्ड मायनर होतात. नी वरचा नी-रे-म असा अर्धवट, खुडलेला वाटतो, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. सफेद पाच, म्हणजे जी ही पट्टी धरली तर सा-म-प चे कॉर्ड जी, सी, डी, आणि ध चा ई मायनर. हे चार हातात बसले की कितीतरी गाणी उघडतात.

एखाद्या ओळीखाली कोणता कॉर्ड टाकायचा हे शोधायची रीतही यातूनच निघते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणता सूर येतोय ते गुणगुणून ओळखा. समजा सा आला. सा हा फक्त सा, म आणि ध या तीन कॉर्डमध्ये आहे. तिन्ही वाजवून पाहा, कान निवड करतो. बरेचदा दोन चालतात, आणि कोणता घ्यायचा ही तुमची मर्जी. मुखड्याच्या शेवटी सा चा कॉर्ड घेतला तर गाणं घरी पोचतं, ध चा मायनर घेतला तर उंबऱ्यावर रेंगाळतं. प्रत्येक सुराला नवा कॉर्ड देऊ नका. एका आवर्तनात एक किंवा दोन पुरेत. नवशिक्यांच्या साथीत कॉर्ड कमी पडत नाहीत, जास्त होतात.

भूप रागावर बेतलेली चाल असेल तर काम आणखी सोपं. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच सूर. त्यांतून पूर्ण होणारे मेजर-मायनर कॉर्ड दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग. म्हणजे मघाचेच सी आणि ए मायनर, एका बोटाचा फरक. पहिला महिना भूपाच्या वळणाच्या चालींवर घालवावा, असं माझं मत आहे. इंग्रजी गाण्यांपासून सुरुवात करण्याची सक्ती कुणी केलेली नाही.

आता प्रत्यक्षात जिथे गाडी अडते तिथे येऊ. गणपतीत सोसायटीचा कार्यक्रम, क्लबहाउसमध्ये तालीम. गाणाऱ्या काकू म्हणतात, ‘काळी चारमध्ये घे रे.’ समोरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो, ‘काकू, स्केल कोणतं?’ काकू म्हणतात, ‘तेच सांगतेय की.’ दोघंही बरोबर, आणि तालीम दहा मिनिटं थांबलेली.

काळी चार म्हणजे जी शार्प. त्या पट्टीचे कॉर्ड मोकळ्या तारांनी निघत नाहीत. इथे कॅपो लागतो. कॅपो म्हणजे दांडीला लावायचा चिमटा. तो ज्या फ्रेटवर लावाल तेवढे अर्धे सूर सगळ्या तारा चढतात. पहिल्या फ्रेटवर लावून जी चे आकार धरले की जी अधिक अर्धा सूर, काळी चार मिळाली. किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ई चे आकार धरा, तरीही काळी चारच. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे आकार. काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे आकार, किंवा पहिल्यावर ए चे. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर डी चे आकार. काळी तीनला दुसऱ्या फ्रेटवर ई चे. एवढं एका कागदावर लिहून गिटारच्या पिशवीत ठेवा. पुरुष गायक बहुधा काळी एक, सफेद दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाचच्या आसपास. म्हणजे सफेद दोनवाले सोडले तर मोकळ्या तारांच्या सोयीने गाणारं जवळपास कुणीच नाही. कॅपो लावणं म्हणजे पळवाट, असं नाक मुरडणारे भेटतात, त्यांना पेटीवाल्यांच्या स्केलचेंजरबद्दल, म्हणजे पट्टी सरकवून देणाऱ्या पेटीबद्दल, काय वाटतं ते विचारा.

एक सावधगिरी. साथीला पेटी असेल तर मोबाइलच्या ट्यूनरवर भरवसा ठेवून बसू नका. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात आणि त्यांचे सूर जागेवर बदलता येत नाहीत. गिटारला खुंट्या आहेत, तेव्हा पडतं आपण घ्यायचं. सफेद तीन वाजवायला सांगा आणि सहावी तार तिला लावा, मग बाकीच्या. पेटी नसेल तर ट्यूनरच बरा. केवळ जी कॉर्ड कानाला गोड लागेपर्यंत तारा पिळू नका. फ्रेटवरचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतका. जी मध्ये तो गांधार मोकळ्या दुसऱ्या तारेवर येतो. ती उतरवून जी गोड केलात की लगेच सी आणि डी बेसूर होतात. बारा समान भागांत सप्तक कापलं की ही तडजोड आलीच. पेटीवरही तोच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली, त्यामागे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नसण्याबरोबर हेही एक कारण होतं.

उजव्या हाताकडे बहुतेक जण उशिरा वळतात, खरं तर साथ ऐकणाऱ्याला आधी उजवा हातच ऐकू येतो. कॉर्ड चुकला तर चालून जातं, लय चुकली की गायक मान वर करून बघतो. केरव्याच्या आठ मात्रा मोजा: धा गे ना ती, न के धी ना. विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर. हात झोपाळ्यासारखा सतत हलता ठेवायचा, फक्त काही मात्रांना तारांना शिवायचं नाही. सगळ्यात जास्त वापरला जाणारा ठेका असा: पहिल्या मात्रेला खाली, दुसरीला स्पर्श नाही, तिसरीला खाली, चौथीला वर, पाचवीला स्पर्श नाही, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. पाचवी मात्रा सोडायची आहे हे बघा. केरव्याची ‘खाली’, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली मात्रा, तिथेच असते. तबलजी तिथे डग्ग्याचं वजन काढून घेतो, आपण तारांवरचा हात काढून घेतो.

दादऱ्याच्या सहा मात्रा त्याहून सोप्या. पहिलीला जाड तारेवर एकटा ठोका, दुसरी-तिसरीला बारीक तारांवर हलके. चौथीला पुन्हा जाड तार, पण पहिलीपेक्षा कमी जोराने, मग पुन्हा दोन हलके. रूपकासाठी इंटरनेटवर तयार ठेके शोधू नका. सात मात्रांचे तीन-दोन-दोन असे भाग करा आणि पहिली, चौथी, सहावी एवढ्याच वाजवा. मधे काही भरायचा मोह आवरला तर भावगीताला ते शोभून दिसतं.

वाजवण्याच्या शैली म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतांशी उजव्या हाताचेच प्रकार आहेत. सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं म्हणजे स्ट्रमिंग. कॉर्ड धरून त्याच्या तारा एकेक करून छेडणं म्हणजे आर्पेजिओ. संथ भावगीताला हेच घ्यावं: अंगठा जाड तारांवर, पुढची तीन बोटं तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या तारेवर कायमची नेमलेली. त्यात चालही बारीक तारांवर स्वतःच वाजवली की फिंगरस्टाइल, पण त्याला वर्षं लागतात. कॉलेजच्या बँडमध्ये ऐकू येतो तो पॉवर कॉर्ड, त्यात गांधारच नसतो, फक्त सा आणि प. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फाडला की गांधार कचकचतो, म्हणून तो काढून टाकतात. ब्लूजचा साचा बारा मापांचा, म्हणजे बारा आवर्तनांचा: चार सा चे, दोन म चे, दोन सा चे, मग प, म, आणि शेवटचे दोन सा चे. सगळे प्रकार चाखून बघायला हरकत नाही, पण साथ करायची असेल तर आधी स्ट्रमिंग आणि आर्पेजिओ.

बोटं दुखतात, त्याबद्दल थोडक्यात. डाव्या हाताची नखं अगदी कापलेली हवीत. बोट दोन फ्रेटच्या मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटला खेटून ठेवलं की निम्म्या जोरात स्वच्छ सूर येतो. रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवलं की तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं टणक होतात. रविवारी सलग तीन तास वाजवून आठवडाभर गिटार भिंतीला टेकवून ठेवली तर फक्त फोड येतात. एवढं करूनही त्रास होत असेल तर दोष गिटारचा असू शकतो. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. चार-पाच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून घोडी घासून घ्या. स्वस्तातली गिटार खोक्यातून काढल्या काढल्या नीट लागलेली नसते, हे गृहीतच धरा.

पुण्याच्या हवेचाही यात हात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड दमट होऊन फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि मे महिन्यात जमलेला कॉर्ड पुन्हा जड वाटतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात उलट होतं: दांडी आकसते आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात गिटार पंख्याखाली आणि गाडीच्या डिकीत न ठेवणं, एवढं पुरतं.

एफ कॉर्डपाशी पुष्कळ जण सोडून देतात. तर्जनीने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात, तेही पहिल्या फ्रेटवर, जिथे तार सगळ्यात ताठ. तो तिथे शिकूच नये. पाचव्या फ्रेटवर तोच आकार धरा, तिथे तो ए होतो आणि कमी जोरात वाजतो. मग महिन्याभरात एकेक फ्रेट मागे या. तोपर्यंत एफ च्या जागी फक्त बारीक चार तारांचा छोटा एफ घ्या. त्यातही म, ध, सा तिन्ही असतात.

शेवटी, जिथे कॉर्ड घालूच नयेत अशी गाणी. सवाई गंधर्व महोत्सवात गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात, बहुधा प-सा-सा-सा मध्ये लावलेले, आणि मैफलभर तेवढाच आधार पुरतो. राग हा एका स्थिर सा वर उभा असतो. कॉर्ड बदलला की तळचा सूर बदलतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात सा डगमगतो. यमनात हे लगेच कळतं. तीव्र मध्यमासाठी रे वरचा मेजर कॉर्ड घेतला आणि तिथून पंचमावर उतरलात, की पंचमच सा वाटायला लागतो आणि गायक बिचकतो. ब्रिजभूषण काबरा किंवा विश्वमोहन भट यांनी गिटारवर राग वाजवताना कॉर्डचा रस्ताच सोडला आणि तारांवर पोलादी कांडी सरकवून मींड मिळवली, ते यामुळेच.

आपण मींडेच्या वाटेला गेलो नाही तरी तानपुऱ्याचं काम गिटारवर करता येतं. सहावी तार एक पूर्ण सूर उतरवून सफेद दोनवर आणा. आता सहावी, पाचवी, चौथी या तीन तारा मोकळ्या छेडल्या की सा, प, सा मिळतो, गांधार नाही, त्यामुळे पंचम असलेल्या कोणत्याही रागाला अडचण नाही. गायक काळी दोनचा असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, काळी चारला सहाव्या. अंगठ्याने संथपणे, तालाशी न जुळवता छेडत राहायचं. पुढचं गाणं कॉर्डचं असेल तर मधल्या निवेदनात ती तार पुन्हा ई वर चढवून घ्या, नाहीतर पहिल्याच जी ला तळाशी कोमल निषाद लागतो.